शाळेतल्या खिचडीचं माप: समितीवर नव्याने आलेल्या पालकांसाठी

पालकसभा होते, चार नावं पुढे येतात, टाळ्या वाजतात आणि तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य होता. पहिल्या मासिक सभेत इतिवृत्ताची वही पुढे येते, सही होते, चहा होतो. पोषण आहाराचा विषय बहुतेक वेळा "चालू आहे, ठीक आहे" एवढ्यावर संपतो. मी सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या समितीवर पहिल्यांदा गेले तेव्हा माझंही असंच झालं. मुलगी दुसरीत होती. रोज शाळेत जेवून येत होती. तिच्या ताटात सरकारी हिशोबाने किती डाळ असायला हवी हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. ते कळायला मला वर्ष गेलं. तुम्हाला आठवडा पुरावा म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक सांगते. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो. मुख्याध्यापक सचिव असतात. जेवणावर देखरेख करणं हे समितीचं काम नियमांतच लिहिलेलं आहे. त्यामुळे स्वयंपाकघरात जाऊन काटा मागायला संकोच वाटण्याचं कारण नाही.

पायरी १: चार आकडे पाठ करा

पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे रोज तांदूळ १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. सहावी ते आठवीला हेच आकडे १५०, ३०, ७५ आणि साडेसात होतात. सगळं कच्चं वजन, शिजवण्याआधीचं.

हे आकडे २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याशी बांधलेले आहेत. त्या कायद्याने लहान मुलांच्या दुपारच्या जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, तर मोठ्या वर्गांना ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असली पाहिजेत असं ठरवलं. शाळेतल्या जेवणाची योजना त्याहून जुनी आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला ती सुरू झाली, पण कित्येक ठिकाणी मुलांना जेवणाऐवजी कोरडं धान्य घरी दिलं जायचं. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेलं ताजं अन्न द्या असा आदेश दिला, तेव्हापासून चूल शाळेत आली. २०२१ पासून योजनेचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना. गावात मात्र सगळे अजून "खिचडी"च म्हणतात, ताटात वरणभात असला तरी.

आता हे आकडे जुळतात कसे ते एकदा कागदावर करून बघा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. शंभर ग्रॅम तांदळातून साधारण ३५० कॅलरी आणि सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात. वीस ग्रॅम तूरडाळीतून ६५-७० कॅलरी आणि साडेचार ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. पाच ग्रॅम तेलाच्या ४५ कॅलरी. भाजीच्या थोड्या. बेरीज ४७० च्या जवळपास, प्रथिनं बारा-तेरा ग्रॅम. म्हणजे कायद्याची रेषा ओलांडली जाते, पण अगदी थोडक्यात.

यातली डाळ निम्मी केली तर काय होतं? कॅलरी तीस-पस्तीसनेच घटतात. पोट भरतं, मूल तक्रार करत नाही, ताट रिकामं दिसतं. प्रथिनं मात्र बारा-तेरावरून दहा-अकरावर येतात. भात कमी पडला तर मूल लगेच मागतं. डाळ कमी पडल्याचं मुलाला कळत नाही, बघणाऱ्यालाही कळत नाही. हळद चांगली असली की पातळ वरणसुद्धा पिवळंधमक दिसतं. मोठ्या वर्गांत तर गाडी आणखी काठावर असते. १५० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ पूर्ण घातली तरी प्रथिनं जेमतेम २० ला टेकतात. म्हणून या सगळ्या मार्गदर्शनातलं एकच काम करायचं म्हणाल तर डाळ मोजा.

पायरी २: माल उतरतो तेव्हा हजर राहा

तांदूळ केंद्र सरकारकडून येतो. डाळी, कडधान्यं, तेल, तिखट-मीठ-मसाला ठेकेदारामार्फत शाळेच्या दारात येतो. भाजी आणि इंधनाची व्यवस्था शाळेच्या पातळीवर होते. टेम्पो कधी येणार हे मुख्याध्यापकांना आधी कळतं. तुमचा नंबर त्यांच्याकडे देऊन ठेवा आणि "माल आला की मिस्ड कॉल द्या" एवढं सांगून ठेवा.

पोतं शिवलेलं आहे का, ओलं आहे का, हे बघून वजन करा. पोत्यावर छापलेलं वजन साठा रजिस्टरला चढवू नका, काट्यावर आलेलं चढवा. बारदानाचं वजन वजा करायला विसरू नका. आमच्याकडे एकदा मटकीचं पोतं कागदापेक्षा दीड किलोने कमी भरलं. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, वाटेत सुकतं थोडं." आम्ही पावतीवर "प्रत्यक्ष वजन" असं लिहून तोच आकडा टाकला आणि त्याची सही घेतली. भांडण झालं नाही. पुढच्या खेपेपासून माल बरोबर यायला लागला. दीड किलो मटकी म्हणजे पंचाहत्तर लहान मुलांचं एका दिवसाचं कडधान्य.

पाकिटांवर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि वापराची मुदत असते ती वाचा. मसाले आणि तेलावर अ‍ॅगमार्कची खूण शोधा. मीठ आयोडीनयुक्तच हवं. तेल बंद पाकिटातलं किंवा सीलबंद डब्यातलंच हवं, आणि शाळेत आल्यावर ते कुठल्याही जुन्या कॅनमध्ये ओतायचं नाही. हे मी जोर देऊन लिहिते आहे. १६ जुलै २०१३ ला बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत २३ मुलं दुपारचं जेवण जेवून दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेलं होतं. आपल्याकडे घराघरांत ऊस, आलं, सोयाबीनची फवारणी असते आणि औषधाचे रिकामे कॅन धुऊन पाण्याला वापरायची सवय अजून पुरती गेलेली नाही. असा एकही कॅन शाळेच्या आवारात येऊ देऊ नका, झाडांना पाणी घालायलाही नको.

तांदळाबद्दल एक गैरसमज दर वर्षी उठतो. निवडताना काही दाणे वेगळे दिसतात, थोडे पिवळसर, कधी पाण्यावर तरंगतात. मग गावात बोलबाला होतो की प्लास्टिकचा तांदूळ आला. ते पोषक तत्त्वं मिसळलेले दाणे असतात. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व घालून ते बनवतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. ते निवडून टाकले तर लोह कचऱ्यात जातं. भात भरपूर पाण्यात शिजवून पेज ओतून देऊ नये, तेही याच कारणाने. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना हे नीट समजावून सांगा, कारण गावात पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जातो.

किडे, टोके, जाळी मात्र खरी अडचण आहे. पावसाळ्यात पोती थेट फरशीवर ठेवली की खालचा तांदूळ ओल धरतो. लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. आधी आलेला माल आधी वापरा.

पायरी ३: भांड्यात जाण्याआधीचं वजन

धरा, तुमच्या शाळेत आज पहिली ते पाचवीची ६० मुलं हजर आहेत. तांदूळ सहा किलो, डाळ एक किलो दोनशे ग्रॅम, भाजी तीन किलो, तेल तीनशे ग्रॅम. हे चार आकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर रंगवून घ्या. ४०, ५०, ६०, ७० अशा हजेरीचे आकडे शेजारी शेजारी लिहा, म्हणजे रोज गुणाकार करत बसायला नको. आमच्या गुरुजींनी मुलांकडूनच हा तक्ता करून घेतला. चौथीच्या वर्गाला गुणाकार शिकवायला याहून चांगलं उदाहरण त्यांना मिळालं नसतं.

शिजवणाऱ्या मावशींना रोज काट्यावर वजन करायला लावणं मला पटत नाही. त्यांच्यावर कामाचा डोंगर असतो. २५ मुलांपर्यंत एक, १०० पर्यंत दोन असं मदतनिसांचं प्रमाण आहे, आणि मानधन तुटपुंजं. त्यापेक्षा माप ठरवा. एकदा काट्यावर अर्धा किलो डाळ मोजा, ती एका स्टीलच्या डब्यात ओता, पातळी आली तिथे खिळ्याने ओरखडा ओढा. तांदळाला वेगळा डबा, तेलाला वेगळी वाटी. डाळीडाळीत फरक पडतो, मटकीचा ओरखडा आणि तूरडाळीचा ओरखडा एकाच जागी येत नाही, म्हणून दोन-तीन ओरखडे लागतील. अर्ध्या तासाचं काम आहे, वर्षभर पुरतं.

मी पहिल्यांदा डाळ मोजली तेव्हा ती नियमाच्या निम्म्यापेक्षा थोडी जास्त निघाली. माझ्या मनात नको ते आलं. मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "वहिनी, पोरं भात टाकत्यात. म्हणून मी तांदूळ कमी घेते. तांदळाच्या मानानंच डाळ घेते. जास्त डाळ घातली की खिचडीचा गोळा होतो." त्यांचं म्हणणं खरं होतं. शंभर ग्रॅम तांदळाचा भात पाव किलोच्या वर जातो. पहिलीतलं सहा वर्षांचं मूल एका बैठकीत तेवढा संपवत नाही. तांदूळ कमी घ्यायचा अंदाज बरोबर होता, चूक एवढीच की त्याबरोबर डाळही कमी होत होती.

त्यावर आम्ही तोडगा काढला. खिचडी आठवड्यातून एक-दोनदाच. बाकीचे दिवस भात वेगळा आणि घट्ट वरण, आमटी किंवा उसळ वेगळी. भात मुलाच्या भुकेप्रमाणे, डाळ मात्र तक्त्याप्रमाणे पूर्ण. वाचलेला तांदूळ साठा रजिस्टरला शिल्लक म्हणूनच दिसला पाहिजे. तिथे "वापर" दाखवला तर पुढचा घोळ तिथूनच सुरू होतो. आणि आमटी वाढताना पळी तळापर्यंत घालून ढवळून मगच वाढायची. नाहीतर पहिल्या रांगेला पाणी आणि शेवटच्या रांगेला गाळ.

कडधान्य असेल त्या दिवशी आदल्या सकाळी भिजत घालून रात्री फडक्यात बांधायचं. मोड आले की ते पचायला हलकं होतं आणि त्यातलं लोह शरीराला जास्त लागू पडतं. उसळीवर लिंबू पिळलं तर आणखी चांगलं, लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. साठ मुलांना सात-आठ लिंबं पुष्कळ झाली.

पायरी ४: भाजी, जिथे सगळ्यात जास्त हात आखडतो

पन्नास ग्रॅम भाजी म्हणजे चिरलेली छोटी वाटीभर. साठ मुलांना तीन किलो. बहुतेक शाळांत प्रत्यक्षात दोन बटाटे, चार टोमॅटो आणि फोडणीपुरता कांदा दिसतो. पैसे नाहीत हे कारण खोटं नाही. १ मे २०२५ पासून तांदूळ सोडून बाकी साहित्याचा आणि शिजवण्याचा दर लहान वर्गांना मुलामागे ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्या वर्गांना १० रुपये १७ पैसे झाला. त्यातला मोठा हिस्सा डाळी-तेल-मसाल्यात जातो आणि उरलेल्यात गॅस व भाजी बसवायची असते. तुमच्या वर्षाचा दर आणि त्यातला शाळेच्या हाती येणारा भाग मुख्याध्यापकांकडून पहिल्याच सभेत लिहून घ्या.

तरीही तीन किलो भाजी जमते. आम्हाला ती तीन ठिकाणांहून जमली.

पहिलं, आठवडी बाजार. बाजार उठायच्या वेळी घेतलेला दुधी, भोपळा, गाजर, कोबी टिकतो आणि स्वस्त पडतो. लाल भोपळा तर महिनाभर टिकतो आणि आमटीत विरघळून जातो, त्यामुळे भाजी न खाणारी मुलंही खातात. पालेभाजी मात्र त्याच दिवशीचीच.

दुसरं, शेवगा. माण-खटावकडे तर तो बांधाबांधावर आहे आणि आमच्याकडेही परसात एक तरी झाड असतं. आपण शेंगा विकतो आणि पाला टाकतो. तो पाला कोवळा असताना निवडून, बारीक चिरून वरणात घाला. लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वासाठी याच्याइतकी फुकट मिळणारी भाजी दुसरी नाही. पहिल्या दिवशी मूठभरच घाला, चवीची सवय होऊ द्या.

तिसरं, शाळेची परसबाग. शासनही शाळांना परसबागा करायला सांगतं आणि त्यांच्या स्पर्धा घेतं. स्पर्धेसाठी केलेली बाग आणि खाण्यासाठी केलेली बाग यात फरक असतो. खाण्याच्या बागेत शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई आणि वाफ्यात आळीपाळीने मेथी, पालक, अंबाडी एवढं पुरे. हात धुतलेलं पाणी चरातून बागेकडे वळवा. दुष्काळी पट्ट्यात पाण्याचा हाच एक मार्ग उरतो.

आणि आमच्या तालुक्याबद्दल एक. कोरेगावचा वाघ्या घेवडा नावाजलेला आहे, त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. सुगीत एखाद्या शेतकऱ्याने पायलीभर शाळेला दिला तर नको म्हणू नका. प्रथिनांच्या बाबतीत तो कुठल्याही डाळीच्या तोडीचा आहे. फक्त एक काळजी घ्या. तो राजम्याच्या जातीचा आहे, म्हणून रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकून द्यायचं, ताज्या पाण्यात खळखळ उकळून अगदी मऊ होईपर्यंत शिजवायचा. अर्धकच्चा घेवडा खाल्ला तर मुलांना उलट्या होतात. जावळी, पाटणकडच्या शाळांना नाचणी सहज मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या तुलनेत नावालाच. ज्या दिवशी पूरक काही द्यायचं असेल त्या दिवशी बिस्किटाच्या पुड्यापेक्षा नाचणीची खीर किंवा शेंगदाण्याचा लाडू द्या.

पायरी ५: तेल, मीठ, गोड

तेल तक्त्याप्रमाणे. फोडणी वाढवून चव आणायची गरज नाही, कांदा-लसूण नीट परतला की चव येते. मिठाचं म्हणाल तर मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅम ही मर्यादा आहे. मुलांना त्याहून कमी. दुपारच्या जेवणात साठ मुलांमागे ऐंशी-नव्वद ग्रॅमच्या वर मीठ जाऊ नये. वरून मीठ वाढायची वाटी पंगतीत फिरवू नका. पापड, लोणचं, फरसाण रोज नको.

पायरी ६: अंड्याचा प्रश्न

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं द्यायला सुरुवात केली. जानेवारी २०२५ मध्ये अंडं आणि साखरेसाठीचा निधी थांबला, अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले आणि खर्च लोकसहभागातून करा असं सांगण्यात आलं. मला हे चुकीचं वाटतं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे लहान मुलाच्या त्या जेवणाच्या गरजेतली निम्मी. आणि त्यात पाणी घालून वाढवता येत नाही, निम्मं करता येत नाही. जे मोजायला काटाच लागत नाही असं अन्न आपण सोडून दिलं.

लोकसहभाग तुमच्या गावात कसा उभा राहील हे तुम्हालाच माहीत. आमच्याकडे वाढदिवसाला केक आणि चॉकलेट वाटण्याऐवजी अंडी किंवा केळी द्यायची असं ग्रामसभेत ठरलं. महिन्यातून दोन-तीन वेळा जमतं. कुणाच्या घरी अंडं चालत नसेल तर पालकांना आधी विचारून यादी करून ठेवा आणि केळं त्याच वेळी, त्याच पंगतीत द्या. मूल वेगळं पडता कामा नये.

पायरी ७: चव, पाणी, हात

मुलांना वाढण्याच्या अर्धा तास आधी शिक्षकांनी आणि शक्य असेल तेव्हा एका पालकाने चव घ्यायची आणि चव नोंदवहीत वेळ, सही आणि शेरा लिहायचा. "छान" असा शेरा निरुपयोगी आहे. "डाळ घट्ट, मीठ बेताचं, भाजी दिसत नाही" असं लिहा. महिन्याची आठ पानं अशी लिहिली गेली की सभेत बोलायला मुद्दे आपोआप मिळतात. शिजलेल्या अन्नाचा थोडा नमुना स्वच्छ झाकणाच्या डब्यात दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. कुणाला त्रास झालाच तर तपासणीला तोच उपयोगी पडतो.

टाकी महिन्यातून एकदा घासलेली आहे का, तारीख टाकीवर लिहिलेली आहे का, हे बघा. साबण आहे का बघा. साबण संपलेला असतो, नेहमी.

पायरी ८: पंगत

साताऱ्यात हे वेगळं सांगायला लागू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये इथे वसतिगृह सुरू केलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नामकरण झालं. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. तरीही आज एखाद्या शाळेत कोण शिजवतं यावरून काही पालक मुलाला डबा देतात, किंवा ऊसतोडीच्या कोप्यांवरून येणारी मुलं शेवटच्या टोकाला बसलेली दिसतात. तुम्ही समितीवर आहात, तर महिन्यातून एकदा त्या टोकाला ताट घेऊन बसा. शेवटच्या टोकाला काय वाढलं जातं तेही कळतं.

पायरी ९: फाटकाबाहेरची टपरी

२०२० मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नियम केला. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं आणि रंगीत पेप्सी यातच येतात. दुकानदार गावातलाच असतो, म्हणून आधी बोलून बघा. आमच्या टपरीवाल्या काकांनी मधल्या सुट्टीत भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि हंगामात बोरं, पेरू ठेवायला सुरुवात केली. पाकिटं त्यांनी पूर्ण बंद केली नाहीत, पण मधल्या सुट्टीत ती पुढे टांगत नाहीत.

पायरी १०: जेवण शिजलंच नाही तर

तांदूळ संपला, गॅस संपला, मावशी आजारी पडल्या. असं होतं. २०१५ च्या नियमांप्रमाणे निधी संपला असेल तर मुख्याध्यापक शाळेकडचा दुसरा कुठलाही निधी तात्पुरता वापरून जेवण चालू ठेवू शकतात. कित्येक मुख्याध्यापकांना याची भीती वाटते, तेव्हा समितीने तसा ठराव करून त्यांच्या पाठीशी उभं राहावं. तरीही जेवण मिळालं नाही तर मुलांना त्या दिवसाचं धान्य आणि शिजवण्याचा खर्च अन्न सुरक्षा भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळाला पाहिजे. सलग तीन शाळेचे दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिलं तर राज्याने जबाबदारी निश्चित करायची असते. म्हणून बंद दिवसांची नोंद कारणासह इतिवृत्तात ठेवा. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात उन्हाळी सुट्टीतही जेवण द्यावं असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा आदेश आहे. माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या सदस्यांनी हे लक्षात ठेवावं.

तक्रार करायची तर आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि पोषण आहाराचे अधीक्षक, त्यानंतर जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षणाधिकारी. लेखी द्या, पोच घ्या. "जेवण निकृष्ट आहे" असं लिहू नका. "अमुक पाच तारखांना ६० मुलांमागे १ किलो २०० ग्रॅमऐवजी ७०० ग्रॅम डाळ वापरली गेली, समितीसमोर वजन केलं" असं लिहा. अशा अर्जाला उत्तर द्यावंच लागतं. एक गोष्ट आवर्जून पडताळा: हजेरीपटावर किती मुलं, मोबाइल अ‍ॅपवर त्या दिवशी जेवलेली किती भरली आणि ताटं किती मोजली गेली. तीनही आकडे एक यायला हवेत.

पहिला आठवडा असा घालवा

सोमवारी नुसतं भेटायला जा. मावशींना सांगा की या आठवड्यात आपण दोघी मिळून मापं ठरवायची आहेत. चोरी पकडायला आलेली बाई म्हणून पहिल्या दिवशी गेलात तर वर्षभर तुम्हाला खरं काही कळणार नाही. मंगळवारी तांदूळ-डाळीचं वजन, डब्यांवर ओरखडे. बुधवारी भाजीचं वजन आणि बाजारातल्या पावत्या. गुरुवारी साठा रजिस्टर आणि प्रत्यक्ष पोती समोरासमोर. शुक्रवारी चव घ्या आणि पंगतीच्या शेवटच्या टोकाला बसून जेवा. काटा शाळेत नसेल तर किराणा दुकानातून तासाभरासाठी मागून न्या, आम्ही पहिले दोन महिने तसंच केलं. शनिवारी शाळा सकाळची असते आणि जेवण लवकर निघतं, तेव्हा डाळ भांड्यात पडायच्या आत पोहोचायचं असेल तर आठच्या सुमारास निघा.